दादाचा अभिनय

दादाला वर्गात बसायची परवानगी नव्हती. पण परवानगी आपण द्यायची असते, मागायची नसते, असा त्याचा जन्मजात समज होता.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांना भावना ओळखायला आणि बोलून दाखवायला शिकवणारा तो वर्ग. दादाची धाकटी बहीण वर्षभर तिथे जात होती. औषधांनी तिच्या कानातले आवाज बरेच शांत झाले होते. दादाचा आवाज मात्र कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता.

त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंच्या मदतनिसाने दांडी मारली. "संवादाच्या सरावाला कुणीतरी समोर बसायला हवं होतं," बाई पुटपुटल्या. बहिणीला सोडायला आलेला दादा दारातून थेट खुर्चीवर.

"मी बसतो की! शाळेच्या नाटकात होतो मी."

त्या नाटकात तो झाड होता.

"मग तुम्ही हट्टी भाऊ व्हा," बाई म्हणाल्या. "ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, एवढंच."

"हट्टी? कठीण आहे. स्वभावातच नाही माझ्या."

बहिणीने खिडकीबाहेर पाहिलं. मग सुरुवात केली. "दादा, मला तुला सांगायचंय की..."

"गोळी घेतलीस का आधी?"

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

"दादा, मला..."

"तो पंखा बंद करा हो, हिला सर्दी होते."

कोपऱ्यात बसलेले निवृत्त मास्तर म्हणाले, "माझ्या डोक्यातले आवाजसुद्धा एकमेकांना बोलू देतात हो!"

सगळा वर्ग हसला. दादा लालबुंद झाला. बाईंनी संधी साधली. "यांच्या चेहऱ्यावर कोणती भावना दिसतेय?"

"राग," मास्तर म्हणाले.

"मी रागावलेलो नाही!" दादा असा कडाडला, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

"आता नक्कीच राग," मास्तरांनी उत्तर पक्कं केलं.

तिसऱ्या खेपेला दादाने ओठ घट्ट मिटून घेतले. बहिणीने खोल श्वास घेतला. "दादा, मला पुस्तकांच्या दुकानात नोकरी मिळालीय. तुला सांगायची भीती वाटत होती. तू काळजीपोटीच नको म्हणशील, कळतं मला. पण मला जायचंय."

"आता समजून घेऊन उत्तर द्या," बाई कुजबुजल्या.

दादातलं झाड मोहरलं. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "जा, खुशाल जा! माझा पूर्ण विश्वास आहे तुझ्यावर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाने वाकून त्या स्वीकारल्या. दोनदा.

बाहेर गाडीपाशी तो अजून तरंगतच होता. "काय रंगवलं ना मी? ती दुकानाची कल्पना कुणाची, बाईंची?"

"दुकानाच्या मालकिणीची. सोमवारपासून ये म्हणाल्या."

दादाच्या हातातली किल्ली खाली पडली. "अगं, ते नाटक होतं!"

"तुझं होतं. मी खरंच सांगत होते. आणि तू सगळ्यांदेखत हो म्हणालास."

दादाने तोंड उघडलं. मागे पायऱ्यांवर मास्तरांसकट अख्खा वर्ग त्याचा चेहरा निरखत उभा होता. त्याने तोंड मिटलं, किल्ली उचलायला वाकला आणि तिथूनच म्हणाला, "मला भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली.

"सोमवारी सोडायला येऊ?"

"नको. चालत जाईन."

"बरं," दादा म्हणाला. हा अभिनय मात्र त्याला मुळीच जमला नाही.