तांबणीखोऱ्याच्या राहिलेल्या स्वारीची हकीकत

श्री. कुलस्वामिनीच्या पायीं मस्तक ठेवून, आणि थोरांचें थोर व लहानांचें लहान जो सारखेंच स्मरतो त्या काळपुरुषास नमून, एका राज्याचें वर्तमान ऐकिलें तैसें लिहिलें आहे. शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस महाराज दीर्घ तापांतून उठले, आणि शरीर क्षीण जाहलें, अन्न गोड लागेना, तेव्हां राजवैद्यांनीं विनंती केली कीं, "हवापालट करावा." त्या दिवसांत घाटाखालील एक कीर्तनकार दरबारीं उतरले होते, त्यांनीं तांबणी नदीच्या खोऱ्याचें वर्णन केलें कीं, दोहों अंगीं डोंगर, मध्यें हिरवें पाणी, आणि माणूस थोडा. तें "माणूस थोडा" महाराजांच्या मनांत भरलें, आणि आज्ञा जाहली कीं, "माघमासीं आम्ही सहकुटुंब तेथें महिनाभर राहूं. बंदोबस्त चिटणिसांनीं करावा."

चिटणीस म्हणजे हरबाजी लखमाजी. वय चौपन्न, अक्षर मोत्यासारखें, स्वभाव अबोल. तहाचीं पत्रें तेच लिहीत आणि लढाईचींही तेच लिहीत, परंतु सतरा वर्षांत राजधानीची वेस ओलांडली नव्हती. मूलबाळ नाहीं, कुटुंब उमाबाई चार वर्षांमागें वारल्या, आणि तेव्हांपासून घरीं जावें, हातानें भात शिजवावा, ताटाशीं एकटें बसावें आणि उजाडतां पुन्हा दफ्तरांत यावें, ऐसा क्रम पडला होता. दफ्तरांत चाळीस माणूस, पण "चिटणीस जेवलेत कीं नाहीं?" म्हणून पुसणारें कोणी नव्हतें, आणि हरबाजींसही तें कोणी पुसावें ऐसें आतांशा वाटत नव्हतें.

मग हरबाजींनीं खोऱ्यांतील मौजे कुंभेरीचे कुलकर्णी सिदोपंत यांस पत्र लिहिलें कीं, नदीस उतार कोठें, डोह किती खोल, डेरे देण्यास सावली कोणती. आठवे दिवशीं जासूद उत्तर घेऊन आला. हरबाजींस वाटलें, चार ओळी असतील, तों पत्र हातभर लांब! उतार आणि डोह लिहिलाच होता, आणि पुढें लिहिलें होतें कीं, सकाळीं धुकें नदीवर निजलेलें असतें, ऊन डोंगराच्या खांद्यावर आलें म्हणजे तें हळूच उठून घळीघळींतून जातें. माघांत काटेसावरीवर पान एक राहत नाहीं, नुसतीं लाल फुलें, आणि त्यांवर पाखरांचा बाजार भरतो. हरबाजींनीं तें पत्र दफ्तरीं न लावितां घरीं नेलें, आणि भात चुलीवर असतां मोठ्यानें वाचिलें, आणि त्या घरांत पुष्कळ दिवसांनीं मनुष्याचा शब्द उमटला.

मग पत्रावर पत्र जाऊं लागलें. बंदोबस्तास जें हवें तें दोन पत्रांत कळलें होतें, परंतु हरबाजी नवें कांहींतरी काढून विचारीत. एकदां लिहिलें, "नदीचा आवाज आपल्या घरापर्यंत येतो काय?" स्वारीस याचा उपयोग काय? तरी सिदोपंतांनीं लिहिलें कीं, "येतो. घरांत कोणी बोलत असलें म्हणजे ऐकूं येत नाहीं. मुली सासरीं गेल्या, कुटुंब वारलें, आतां अष्टौप्रहर ऐकूं येतो." हें वाचतां वाचतां हरबाजींचा त्या दिवशीं भात करपला.

इकडे स्वारीची यादी वाढत चालली. आईसाहेबांनीं पुराणिक सांगितले, धाकट्या राणीसाहेबांनीं माहेरचीं माणसें सांगितलीं, सेनापतींनीं दोन हत्ती घातले, आणि नदीसमोरचा डेरा कोणाचा यावरून दोघे मानकरी एकमेकांशीं बोलेनासे जाहले. जेथें माणूस थोडा तेथें साडेचारशें माणूस जावयाचें ठरलें. हरबाजींनीं यादीच्या शेवटीं आपलें नांव बारीक अक्षरांत घातलें. दिवाणजींनीं यादी पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही कशास? दफ्तर कोण पाहील?" हरबाजी म्हणाले, "खरें आहे," आणि आपल्याच हातानें नांवावर रेघ ओढिली.

मग पौष सरतां महाराजांचे दुखण्यास उतार पडला, अन्न गोड लागूं लागलें, आणि शेजारच्या राजांकडून वाघाच्या शिकारीचें बोलावणें आलें. महाराज हर्षित जाहले आणि सहज बोलिले, "तांबणीचें राहूं द्या. कुंभेरीस कळवा." हरबाजी बैठकीवर आले, कागद घेतला, लेखणी बुडविली, आणि लिहवेना. राज्यें बुडाल्याचें ज्यांनीं हात न कांपतां लिहिलें, त्यांस "स्वारी येत नाहीं" इतुकें लिहवेना. तीन कागद वायां गेले. मग उठून महाराजांपुढें गेले आणि मुजरा करून म्हणाले, "आज्ञा होईल तर कुंभेरीस मी जातों. समक्ष सांगतों."

महाराज म्हणाले, "एका पत्राचें काम. या वयांत घाट कशाला उतरतां?"

हरबाजी म्हणाले, "महाराज, पत्रें पुष्कळ जाहलीं."

महाराजांनीं त्यांचे तोंडाकडे पाहिलें, बहुधा प्रथमच नीट पाहिलें, आणि म्हणाले, "जा. घाई करूं नका."

मग हरबाजी एक भाड्याचें तट्टू घेऊन निघाले, आणि पांचवे दिवशीं सकाळीं घाटमाथ्यास पोहोंचले. खालीं पाहिलें तों पत्रांत होतें तैसेंच सर्व: डोंगर, लाल सावरी, आणि धुकें घळींतून वर चाललेलें. फक्त थंडी आणि ओल्या मातीचा वास हीं कोणी लिहिलीं नव्हतीं. हरबाजींचे तोंडून निघून गेलें, "अगं, पाहिलेंस काय?" आणि वळून पाहिलें, तों तट्टू गवत खात होतें. उमाबाई असतां त्यांस कोठें नेलें नाहीं, हें त्या क्षणीं आठवलें, आणि ते दगडावर बसले तों ऊन पायांशीं येईपर्यंत उठले नाहींत.

खालीं उतरतां वाट झाडलेली, वेशीपासून नदीपर्यंत सारवलेली, आंब्याचे टहाळे बांधलेले, आणि स्वारीचा ठरलेला दिवस तोच, म्हणून अवघा गांव उभा. ढोल वाजूं लागला. रायाजी पाटील पुढें येऊन म्हणाले, "महाराज किती मागं हायेत?"

हरबाजींनीं हात जोडिले. "महाराज येत नाहींत."

ढोल थांबला. तों येसू नांवाची सत्तर वर्षांची म्हातारी, जिनें ती वाट सारवली होती, ती पुढें जाहली. "मंग हे हात मी शेणात घातले ते कुणासाठी रं बाबा?" ऐसें तिनें विचारिलें. हरबाजी मान खालीं घालून म्हणाले, "मला माहीत नाहीं, आई. तें सांगायलाच आलों."

म्हातारीनें त्यांस खालवर न्याहाळिलें. मग पाटलांस म्हणाली, "रायाजी, सजवलेली नाव हाये न्हवं? मीच बसते. जन्म काठावर गेला, कामाबिगर नावेत पाय न्हाई ठेवला." आणि खरेंच जाऊन नावेंत महाराजांसाठीं मांडिलेल्या गादीवर बसली. कोणी हसलें, मग अवघेच हसले, आणि रांधलेलें अन्न गांवानेंच पंगत मांडून खाल्लें.

परंतु हरबाजींचें चित्त पंगतींत नव्हतें. त्यांनीं विचारिलें, "सिदोपंत कोण?" तों सोप्याच्या खांबाआडून एक किडकिडीत गृहस्थ पुढें आले. त्यांनीं तोंड उघडलें, ओठ थरथरले, मान हिसकली, आणि "ह... ह..." याहून पुढें अक्षर निघेना. पाटील हळूच म्हणाले, "जन्मापासनं अडखळत्यात. बोलायचं टाकलंच म्हना." हरबाजी चकित जाहले. हातभर लांब पत्रांचा धनी तो हा! आणि गंमत ऐसी कीं, हरबाजींनाही कांहीं सुचेना. वाटेनें शंभर गोष्टी योजिल्या होत्या, त्या सर्व विसरल्या. दोघे नदीच्या पायरीवर एक हात अंतर सोडून बसले आणि पाण्याकडे पाहत राहिले.

अकरा दिवस हरबाजी सिदोपंतांकडे राहिले. सिदोपंत भात वाढीत, आणि ताट रिकामें दिसलें कीं नुसत्या भुंवया उंचावीत, हरबाजी मान हालवीत. एके दिवशीं दोघे डोंगरावर गेले, आणि मोठ्या चोचीचा धनेश डोक्यावरून गेला तेव्हां सिदोपंतांनीं त्यांचा दंड घट्ट धरिला, आणि पाखरूं दिसेनासें होईपर्यंत सोडिला नाहीं. एवढेंच संभाषण. बारावे दिवशीं हरबाजी निघाले. सिदोपंत वेशीपर्यंत आले, पुष्कळ प्रयत्न केला, घाम आला, शब्द आला नाहीं. हरबाजी म्हणाले, "राहूं द्या. लिहा." आणि घाट चढून गेले, आणि मागें पाहिलें नाहीं, कारण पाहिलें असतें तर पाय माघारीं वळले असते आणि दफ्तर तैसेंच राहिलें असतें.

येणेंप्रमाणें तांबणीखोऱ्याची स्वारी राहिली. महाराज पुढें कधीं तेथें गेले नाहींत. हरबाजी आणि सिदोपंत यांचीं पत्रें त्यानंतर नऊ वर्षें चाललीं, त्यांत धुकें, पाणी, सावर, पाखरें सर्व आहे. परंतु "आपण यावें" ऐसें दोघांपैकीं एकानेंही लिहिलें नाहीं, आणि पुन्हा भेट जाहली नाहीं.