बॅडमिंटन कोर्टावर विमान

"बघच तू, आज बॅडमिंटनच्या कोर्टाएवढ्या जागेत विमान उतरवतो!" नवऱ्याने जाहीर केलं. विमान कॉम्प्युटरमधलं, त्यानेच जोडजाड करून बनवलेलं. पण आव असा, जणू आत प्रवासी जीव मुठीत धरून बसलेत!

तिचा जीव मात्र पलीकडच्या खोलीत टांगलेला. दात येणारी छकुली दिवसभर किरकिरून आत्ता कुठे झोपली होती. "आवाज झाला ना, तर तुलाच गॅलरीतून उडवीन!" असं बजावून तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला.

तिथेच फसलं! कान बंद झाले की माणूस बोंबलून बोलतो, हे तिच्या पदवीधर डोक्यात आलंच नाही.

"स्टॉल! पुन्हा स्टॉल!" तो गरजला. वेग फार कमी झाला की पंख विमानाला वाऱ्यावर सोडतात, तो स्टॉल. सासूबाईंना ठाऊक असलेला स्टॉल रस्त्याकडेचा. त्या ओल्या हातांनीच धावत आल्या.

"स्टॉल टाकतोस? चांगली नोकरी सोडून?"

"कमी जागेत बसवायचंय!" त्याला अर्धवट ऐकू आलं. "वजन फार होतं, मागच्या सीटा उपटल्या!"

"अरे देवा, गाडीच्या सीटा! बायकोला तरी विचारलंस?"

"तीच म्हणाली, पंख मोठे कर!"

"म्हणजे तूच चढवलंस होय गं याला!"

"आई, हळू! विमान आहे ते, दुकान नाही!" ती कुजबुजत किंचाळली.

तेवढ्यात विमान पुन्हा नाकावर आपटलं. तिला राहवेना. त्याचा एक कान मोकळा करून ती म्हणाली, "अरे, छकुलीला पाळण्यात कशी ठेवते मी? आधी पाय, डोकं सगळ्यात शेवटी. आणि टेकेपर्यंत हात काढायचा नाही!"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विमानाचा शोध तिनेच लावला! मग नाक वर धरलं, इंजिनाचा जोर शेवटपर्यंत सोडला नाही. विमान तरंगत आलं. मागची चाकं टेकली, मग अलगद नाक, आणि कोर्टाच्या रेषेआत थांबलंसुद्धा! सासूबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. नवऱ्याने श्वास रोखला होता.

"उतरलंऽऽ!"

खिडकीची तावदानं थरथरली. ओरडली होती ती स्वतःच!

पलीकडून तेवढ्याच ताकदीचा भोंगा सुरू झाला.

मायलेक तिच्याकडे बघतच राहिले.

"तरीच!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पोरीचा गळा कोणावर गेलाय, ते आज कळलं!"