स्वयंपाकाच्या तंबूमागचा बर्फ

वाटाणे आजही दगडच होते. कुकरची शिट्टी हरवून बारा दिवस झाले होते, आणि ध्रुवाजवळच्या त्या उंच पठारावर उघड्या पातेल्यात वाटाणे शिजवायचे म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. जेवताना सगळ्यांच्या दाढा कडाकड वाजायच्या, सगळे आचारीकाकांकडे बघायचे आणि काका पातेल्याकडे बघायचे.

"काका, उडी मारली की पोटात खुळखुळा वाजतो," रडारताई म्हणाली.

तिचं डोकं तसंही तापलेलंच होतं. बर्फ किती घट्ट आहे ते रडारने मोजणं हे तिचं काम. घसरगाडीवर पेटी ठेवून ओढायची, पेटी खाली लहरी सोडायची. बर्फ जितका घट्ट, तितक्या त्या रखडत परत यायच्या. मग तिथंच खड्डा खणून बर्फ काट्यावर तोलायचा. दोन्ही आकडे जुळले तर पेटी खरी. तळाचे प्रमुख असलेल्या साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं, "उद्या विमान येतंय. तोवर सगळे आकडे जुळले नाहीत, तर पेटी परत. पेटीबरोबर तूही."

चार जागी जुळले. पाचवी जागा तिने वारा लागू नये म्हणून स्वयंपाकाच्या तंबूमागे धरली, आणि तिथं पेटीला वेड लागलं. भुसभुशीत बर्फाखाली हातभरावर टणक थर! जणू कुणी फरशी बसवलीय. शिवाय पेटीच्या पडद्यावर त्याच्या मधोमध एक चकचकीत ठिपका.

नेमका तिथं तंबूचा दोर आडवा येत होता, म्हणून साहेबांनी दोन पावलं बाजूला खणायला लावलं. निघाला मऊ बर्फ.

"बांध गाठोडं," साहेब म्हणाले.

"अहो, पण खणायचं तिथं होतं!"

"खणायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन विहीर खण."

ताई पाय आपटत काकांच्या तंबूत शिरली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि हळूच विचारलं, "तुमच्या त्या फरशीला साबणाचा वास येईल का हो?"

"काय?"

"भांड्यांचं पाणी पिंपात ओतायचं, असा नियम आहे. पण पिंप पार त्या टोकाला. वारा असला की मी आपलं मागच्या मागे..."

"किती वेळा?"

"वारा रोजच असतो की."

ताई भडकली. "अख्ख्या ध्रुवावर तुम्हाला माझीच जागा सापडली?"

"मी आधीपासून ओततोय. जागा तुम्ही नंतर धरलीत."

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. गरम पाणी झिरपून खाली गोठलं होतं, वर वाऱ्याने भुसभुशीत बर्फ आणून टाकला होता. म्हणजे पेटी खरं तेच बोलत होती! पण लगेच तिचा चेहरा पडला. "काका, हे सांगितलं तर साहेब विमानात तुम्हाला बसवतील."

"बसवू देत. माझ्या वाटाण्यांसाठी कोण रडणार आहे?" असं म्हणून काकांनी स्वतःच फावडं उचललं आणि तंबूचा दोर सोडला.

हातभर खाली तळव्याएवढी जाड लादी लागली. आत चहाची पत्ती, वरून साबणाचा वास. साहेबांनी तुकडा तोलला, ताईच्या वहीत बघितलं, परत तोलला. आकडा जुळला.

"आणि तो ठिपका?" साहेबांनी विचारलं.

काकांनी फावडं मारलं. ठण्ण! बर्फातून कुकरची शिट्टी डोकं वर काढून बघत होती. भांड्यांच्या पाण्याबरोबर गेली होती बिचारी.

साहेबांनी काकांवर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची दाढ ठणकली. "ओरडणं जेवणानंतर," ते म्हणाले. जेवणात मेणासारखे वाटाणे. तीन ताटल्या झाल्यावर ओरडण्याएवढी जागाच उरली नाही. काकांना शिक्षा एवढीच, की सगळी लादी खणून पिंपात भरायची. ताई न सांगता दुसरं फावडं घेऊन आली.

"तुमचे उपकार कसे फेडू, काका?"

"आधी ती डावी बाजू खणा."

सकाळी विमान आलं. ताई बाहेर येऊन बघते तर घसरगाडीचा दोर खांद्यावर घेऊन साहेब स्वतःच पेटी ओढत निघालेले.

"साहेब, परत पाठवताय?"

"गप. गेल्या महिन्यात हातमोज्याबरोबर माझी लग्नातली अंगठी गेलीय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "बायकोला कळायच्या आत, ताई, तेवढा एक ठिपका दाखव."