घरपट्टी वाढवून मागणारे वकीलसाहेब

गल्लीतल्या खांबावरचा दिवा गेला की भैयासाहेब धामणकर वकील महापालिकेच्या कचेरीत फोन लावून सांगत, "हमारी बत्ती बंद है."

पलीकडचा विचारी, "घर की?"

"नहीं, खंभे की."

"तो वो आपकी कैसे हुई, साहब?"

"पैसे मैंने भरे हैं, ऐसे हुई."

फोन बहुधा इथेच बंद होई. भैयासाहेब पुन्हा लावत. तिसऱ्या दिवशी दिवा लागे आणि ते खांबाला हलकेच थोपटून घरात जात.

झाशीत सिविल लाइंसमध्ये आमची घरं समोरासमोर. सरकारी म्हणून जे जे काही होतं, ते सगळं त्यांच्या लेखी त्यांचं होतं. सरकारी शाळेच्या भिंतीला हात लावून ते म्हणत, "माझी भिंत ओल धरतेय." दारात मोटार असून जवळच्या बरुआसागरला, तिथलं नावाजलेलं आलं आणायला, सरकारी बसनं जात आणि ड्रायव्हरला सांगत, "ज़रा धीरे, भैया. मेरी बस है."

एकदा कंडक्टर म्हणाला, "आपकी है तो डीज़ल भी डलवा दो, वकील साहब."

"डलवाता ही हूँ, हर साल."

सगळी बस हसली. भैयासाहेबांनी मात्र तिकीट काढलं, आणि उरलेले सुटे पैसेही मागून घेतले.

पैशाला कमी नव्हतं. जमिनीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारं इथे कोणी नव्हतं. फी ऐकून पक्षकार आधी पाणी मागत. आणि हाच माणूस दर वर्षी राज्याचं बजेट जवळ आलं की लखनौला पत्र लिही: मी भरपूर कमावतो, माझ्यासारख्यांवरचा राज्याचा कर वाढवा आणि त्यातून दवाखाने, शाळा, बसगाड्या नीट चालवा. उत्तर ठरलेलं: आपका पत्र संबंधित विभाग को भेज दिया गया है. ते ती चिठ्ठी मला दाखवत. "बघा नानाजी, विचार चालू आहे!"

आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला त्यांनी हीच गोष्ट भाषणात सांगितली. त्याआधी अर्धा तास देशपांडेकाकू आपल्या मुलाचा, अतुलचा, पुण्यातला पगार दूध ढवळता ढवळता सगळ्यांना ऐकवत होत्या. भाषण संपताच म्हणाल्या, "अतुलचं काय हो, कापून कापून हातात येतं काय बिचाऱ्याच्या?" त्या रात्री मंडळातला एकूण एक मुलगा गरीब झाला.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग भैयासाहेबांना वाटलं, लखनौ लांब आहे, सुरुवात घरापासून करावी. त्यांनी फीत घेऊन स्वतःचा बंगला मोजला. जिन्याखालची अडगळ, माळा, तुळशीचा ओटासुद्धा. मग हाउस टॅक्सच्या कचेरीत जाऊन अर्ज मागितला. बाबू म्हणाला, "टैक्स कम करवाने का फ़ॉर्म है, साहब. बढ़वाने का तो छपा ही नहीं."

"लाइए," म्हणत त्यांनी 'कम' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात 'ज़्यादा' लिहिलं. खाली जोडलं की गल्लीतली सगळीच मोठी घरं नव्याने मोजावीत.

गल्लीत धरणीकंप झाला. बैठक माझ्याच घरी भरली. का, ते आता सांगतो. माझ्या घरावर दोन खोल्या आहेत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधल्या, भाड्याने दिल्या, आणि घरपट्टीच्या कागदावर कधीच दाखवल्या नाहीत. कागदावर माझं घर एकमजली होतं. फीत घेऊन कोणी आलं असतं, तर सर्वांत आधी माझाच जिना चढलं असतं.

बैठकीत ठरलं, कचेरीला पत्र द्यायचं. मजकूर मी सुचवला आणि लिहिलाही मीच. रेल्वेत चाळीस वर्षं माझं अक्षर नावाजलेलं. लिहिलं की पत्नीच्या निधनापासून वकीलसाहेबांचं मानसिक संतुलन ठीक नाही, तरी त्यांच्या अर्जाकडे लक्ष देऊ नये. खाली अकरा सह्या. फीत आली नाही.

आठवड्याने भैयासाहेब आले. पत्राची नक्कल त्यांनी मिळवली होती, वकीलच ते. चहा घेतला, कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. रेल्वेचं वाटतं." एवढंच. मग आल्याचा भाव सांगत बसले.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या छातीत कळ आली. मुलगा नागपुरात. आमची ही घाबरून रस्ता ओलांडून धावली ती त्यांच्याकडेच. त्यांनी सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि हिच्या मागोमाग स्वतःही आत चढले, पायांत चपला दोन वेगवेगळ्या. माझा हात धरून म्हणाले, "घाबरायचं नाही, नानाजी. ह्या गाडीचे पैसे आपण दोघांनी भरलेत."

छातीतली कळ परवडली.

सरकारी इस्पितळात मी नऊ दिवस होतो. ते रोज यायचे. नर्सला म्हणायचे, "सिस्टर, ये पलंग मेरा है, चादर ज़रा अच्छी." ती हसून बदलायची. त्या नऊ दिवसांनी मला जगवलं, आणि त्यात माझ्या दोन खोल्यांचा एक पैसाही नव्हता.

बरा झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "भैयासाहेब, वरच्या खोल्या कागदावर चढवायच्यात."

"दक्षिणेकडची खिडकी धरून की सोडून?" त्यांनी विचारलं. म्हणजे सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून.

ते फीत घेऊन जिना चढले. वय ऐंशीच्या घरात, दम लागत होता, पण इंच सोडला नाही. मग नमुना म्हणून त्यांनी स्वतःचा त्या वर्षीचा भरलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी उतरवून घेऊ लागलो. जिन्याखालची अडगळ होती. तुळशीचा ओटा होता. मग रकाना आला, घरात राहणाऱ्यांची संख्या. तिथे लिहिलं होतं: दोन.

त्यांच्या पत्नीला, कुसुमवहिनींना, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

माझी लेखणी थांबली. भैयासाहेबांनी चष्म्याची डबी हळूच त्या रकान्यावर सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेवढं सोडून बाकी सगळं बरोबर आहे."

मी मान खाली घालून पुढचा रकाना भरला. दोन खोल्यांबद्दल ते इतकी वर्षं गप्प राहिले होते.

गेल्या माघात ते गेले. मंडळाच्या शोकसभेत कोणीतरी हळहळून म्हणालं, "चांगला माणूस, पण वहिनी गेल्यावर डोक्यावर परिणाम झाला होता." आसपासच्या माना हलल्या. ते वाक्य माझं होतं, माझ्या अक्षरातलं, आणि मी तिथे बसून राहिलो. म्हणून आज हे त्याच अक्षरात लिहितो: त्यांचं डोकं शेवटपर्यंत उत्तम होतं. त्यांनी सरकारला सगळं खरं सांगितलं. फक्त वहिनी गेल्या, हे कळवायचं त्यांच्याच्याने झालं नाही.