जांभळ्या साडीचं वाण

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी यमुताईंनी कपाट उघडलं आणि विचारलं, "मधू, माही जांभळी साडी कुठं गेली वं? उद्या यांचा वाढदिवस आहे न. दरवर्षी तीच नेसते मी. त्यायनंच आणली होती."

"धुवायला दिलीय, आई," सुनेच्या तोंडून निघून गेलं. "संध्याकाळी येईल."

मधुवंती मूळची नाशिकची. मे महिन्यात लग्न होऊन नागपुरात आली आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या कूलरनं मान टाकली. ऊन दरवर्षी का वाढतंय, यावर तेव्हापासून तिचं वाचन वाढलं होतं. पहिल्या संक्रांतीला प्लास्टिकचं काही लुटायचं नाही, जुन्या साड्यांच्या पिशव्या द्यायच्या, असं तिनं ठरवलं. "घे नं कपाटातल्या," यमुताई म्हणाल्या होत्या. सगळ्यांत विरलेली साडी सगळ्यांत नकोशी, असा हिशेब करून तिनं जांभळीलाच पहिली कात्री लावली. कागदात गुंडाळलेल्या त्या पिशव्या आता कॉलनीभर गेल्या होत्या.

पिशव्या जमवून पुन्हा साडी जोडता येईल, अशी भाबडी आशा धरून ती स्कूटरवर निघाली.

"पिशवी घेऊन जा, पण अशी कशी जातं?" शेजारच्या मनकर्णाकाकूंनी तिला पाटावर बसवलं. "नवी सवाशीण रिकाम्या हातानं जात असते का?" हळदीकुंकू झालं, तिळाचा लाडू झाला आणि हातात प्लास्टिकचा डबा आला.

"काकू, प्लास्टिक नको हो."

"वाणाले नाही म्हणू नये."

पुढच्या घरी रीनानं पिशवीतली मेथी परातीत ओतून पिशवी परत केली आणि वर साबणदाणी दिली. त्यापुढे गाळणी, बरण्या, एक गुलाबी टब. हातात मावेना, तेव्हा सगळं त्या जांभळ्या पिशव्यांतच कोंबावं लागलं.

संध्याकाळी तिनं पिशव्या यमुताईंसमोर रिकाम्या केल्या. प्लास्टिकचा ढीग झाला. पिशव्या ओळीनं मांडून ती म्हणाली, "आई, ही तुमची साडी," आणि रडायलाच लागली.

यमुताईंनी पिशव्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "रडतं काहून वं? हा रंग मले कधीच आवडला नाही. पण ते मोठ्या हौशीनं घेऊन आले. कसं सांगू? मग नेसत राहिली."

"खरंच, आई?" दारात उभ्या मधुवंतीच्या नवऱ्यानं, स्वानंदनं विचारलं.

"तू चूप बैस." त्यांचं बोट एका पिशवीच्या शिवणीवरून फिरत होतं. "मधू, दिलेलं वाण वापस मागत असतात का? जा, देऊन ये साऱ्याइले."

मधुवंतीनं डोळे पुसले आणि ढिगाकडे पाहिलं. "आई, पुन्हा गेले तर त्या पुन्हा डबे देतील!"

यमुताईंनी दाराकडे पाहिलं. "मग स्वानंदले पाठव. माणसाले कोणी वाण देत नाही."

स्वानंदनं मुकाट्यानं पिशव्या गोळा केल्या. तो फाटकापर्यंत पोचला, तेव्हा आतून हाक आली.

"अरे, एक राहू दे घरी. ते काठाची."