प्रोफेसरांच्या तरुण पेशी

सोमवारी सकाळी नोन्ना फेदोरोव्हनाने सूक्ष्मदर्शकातून बशी पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. गुरुवारी त्या बशीत तिने मूठभर पेशी सोडल्या होत्या. आता पाय ठेवायला जागा नव्हती. लांबट, सतेज पेशी माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने पसरल्या होत्या.

पीटर्सबर्गच्या त्या संस्थेत ती एकतीस वर्षं पेशी वाढवत होती. सध्या दोन प्रायोगिक पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची, तुलना चालली होती. वयाबरोबर पेशी एकीच्या दोन व्हायच्या थांबतात. थकलेल्या पेशींना कोणतं पेप्टाइड जागं करतं, ते पाहायचं होतं. त्वचेचा तुकडा दोघांनीच दिला होता: अठ्ठ्याहत्तर वर्षांचे संचालक प्रोफेसर गेर्मान साव्विच आणि चौसष्ट वर्षांची नोन्ना. बाकी कुणी दंड पुढे केला नाही. दोघांच्या तीन-तीन बश्या. एकीत पहिलं पेप्टाइड, दुसरीत दुसरं, तिसरीत काहीच नाही.

ही बशी संचालकांची होती. दुसरं पेप्टाइड.

गेर्मान साव्विच बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हा मी आहे?"

"झाकणावर तुमचंच नाव आहे."

"वीस वर्षांचा असताना असा होतो मी."

येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. केक सांगून झाला होता, आणि नवे संचालक इन्नोकेन्ती पाव्लोविच खोलीच्या पडद्यांचं माप घेऊन गेले होते. दुपारी संचालकांनी निवृत्तीचा अर्ज परत घेतला.

मंगळवारी ते पाचवा मजला जिन्याने चढले आणि वर पोचल्यावर बराच वेळ कठडा धरून उभे राहिले. बुधवारी ते दर शनिवारी बर्फ फोडून नेवा नदीत डुबकी मारणाऱ्या मंडळींत नाव घालून आले. इन्नोकेन्ती नोन्नाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"अहो, त्यांना जरा समजवा. एका बशीवर माणूस नदीत उडी मारतो का?"

"मी काय समजवणार? बशी मीही पाहिलीय."

तेवढ्यात टीव्हीवाल्यांचा फोन आला. उद्या येतो, पडद्यावर शोभेल असं काहीतरी तयार ठेवा. नोन्नाने त्या बशीतल्या थोड्या पेशी काढून त्यांची गुणसूत्रं रंगवली. फार सुरेख दिसली. सवयीने तिने ती मोजायला घेतली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं एक छोटं गुणसूत्र असतंच असतं. ते इथे कुठेच नव्हतं. तिने दहा पेशी तपासल्या. दहाही बाईच्या.

मग तिला गुरुवार आठवला. सहाही झाकणं काढून ठेवलेली, मध्येच आग लागल्याच्या सरावाची घंटा, आणि परत आल्यावर घाईघाईने झाकणं बसवणारे तिचे स्वतःचे हात. बश्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. नावं फक्त झाकणांवर होती.

एकतीस वर्षांत तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. तिने सांगितलं नसतं तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण माणूस शनिवारी नदीत उतरणार होता. ती वर गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

गेर्मान साव्विच खिडकीबाहेर पाहत होते. "मग त्या कुणाच्या?"

"माझ्या."

"पेप्टाइड कुठलं?"

"कुठलंच नाही. ती तिसरी बशी. तुमची बशी माझ्या तिसऱ्या झाकणाखाली निघाली. ती... जरा शांत आहे."

"शांत," ते म्हणाले. मग त्यांनी टीव्हीवाल्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि इन्नोकेन्तींना शुक्रवारी किल्ल्या घ्यायला बोलावलं. नोन्ना बोलणी खायच्या तयारीने उभीच होती.

"चला," ते म्हणाले, "दाखवा मला."

सूक्ष्मदर्शकाला दोन जोड भिंगं होती. दोघं समोरासमोर बसले. बशीच्या कडेला एक पेशी गोल होऊन, फुगून, मध्ये आवळू लागली होती. चौसष्ट वर्षं थंडी, रांगा आणि बीट सोलणं सोसलेल्या त्वचेची पेशी. वीस मिनिटं दोघांनी भिंगांवरून डोळे हलवले नाहीत. कंबर बारीक होत गेली, धाग्याएवढी झाली, आणि तुटली.

"झाल्या दोन," नोन्ना पुटपुटली.

संचालक खुर्चीतून उठले, कोटाची बटणं लावली आणि तिचा हात हातात घेतला. "अभिनंदन, नोन्ना फेदोरोव्हना. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."