चार दारांची गाडी

दादामिस्त्रींचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापावर दार करायचं नाही. गिऱ्हाईक कितीही शिकलेलं असो, आकडे कागदावर नीट लिहून आणलेले असोत, दादामिस्त्री तो कागद घडी घालून त्याच्याच हातात परत देत आणि म्हणत, "मी येतो, भिंत बघतो, मग बोलू." मग ते स्वतः जाऊन चौकटीची जागा वरून, मधून, खालून मोजत, भिंतीवर हात फिरवून बघत, आणि त्यानंतरच लाकडाला करवत लागे. अशा या माणसानं आयुष्यातली सगळ्यात महागडी वस्तू मोबाइलवरचा फोटो बघून घेतली.

वस्तू म्हणजे पिकअप. जुनी पिकअप त्यांच्या दारांच्या कारखान्यात होतीच. तिच्या हौद्यात सात फुटी दारं आरामात आडवी मावत, बाजूला दोर बांधायला कड्या होत्या, आणि ती चालवायला दादामिस्त्रींचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे धाकटाच म्हणत. केस पांढरे झाले तरी त्याला बढती मिळाली नव्हती. दारं चढवणं, पोचवणं, जिन्यावरून वर नेणं, ही सगळी कामं धाकट्याची. दादामिस्त्री शेजारच्या सीटवर बसून "डावीकडे घे, हळू, अरे हळू" म्हणत.

समोरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यावाल्यानं नवी कोरी गाडी आणली आणि दादामिस्त्रींची झोप उडाली. काचेच्या खिडक्या करणारा कालचा पोर हॉर्न वाजवत जातो म्हणजे काय! तेवढ्यात आपल्याच पिकअपचं नवं रूप बाजारात येतंय असं कळलं. दुसऱ्याच दिवशी दोघे भाऊ शोरूममध्ये.

शोरूममध्ये गाडी नव्हतीच. होता एक टाय लावलेला मुलगा, आणि त्याच्या मोबाइलमध्ये डोंगरावर उभ्या असलेल्या लालभडक पिकअपचा फोटो. पोरगा बिचारा सरळ होता. तो म्हणाला, "सर, पूर्ण नवीन डिझाइन आहे. गाडी पंधरवड्यात येईल. एकदा चालवून बघा, मग ठरवा." आणि मग, नोकरी टिकवायची म्हणून असेल, पुढे म्हणाला, "अर्थात आज बुक केली तर पहिली गाडी तुमची. पहिल्या मालकाचा फोटो आम्ही दारात लावतो."

विषय तिथेच संपला.

"थांबू की, दादा," धाकटा म्हणाला. "एक चक्कर मारून बघू. हौदा केवढा आहे, चढायला किती उंच आहे..."

"अरे, नाव तेच, कंपनी तीच. नुसता चेहरा बदललाय. इतकी वर्षं हीच गाडी वापरतोय मी. आपल्याच घरात शिरताना कुणी पत्ता विचारतं का?"

"वापरतो मी, दादा. तू शेजारी बसतोस."

हे खरं होतं, आणि टायवाल्यासमोर बोललं गेलं होतं. दादामिस्त्रींचे कान लाल झाले. "हे बघ," ते म्हणाले, "तू गाडी चालवतोस, कारखाना मी चालवतो. गाडीवाल्यानं गाडीवाल्यासारखं राहावं."

टायवाला मुलगा उगाच मोबाइल पुसत बसला. परत येताना धाकट्यानं एवढंच विचारलं, "जुनी गाडी मला देशील?" दादामिस्त्री म्हणाले, "भंगार घरात ठेवून नवीचा अपमान करायचाय का? ती शोरूमला जाणार." आणि ती गेली.

नवी गाडी आली तेव्हा दादामिस्त्रींनी शोरूमच्या दारात फोटो काढून घेतला. ती त्यांनी स्वतःच चालवत आणली, कारण "नवीन आहे, तू घासशील." धाकटा मागून चालत आला. गाडी खरंच देखणी होती. खिडक्यावाला दुकानाबाहेर येऊन बघत राहिला, आणि तो एक क्षण दादामिस्त्रींना मिळाला. एवढाच मिळाला, म्हणून सांगून ठेवतो.

कारण गाडी कारखान्यात शिरेना.

कारखान्याचा दरवाजा म्हणजे दादामिस्त्रींची शान. स्वतःच्या हातानं केलेला, सागवानी, वर कोरीव कमान. त्यांनी दुकानाला पाटी लावली नव्हती. हा दरवाजाच पाटी होता. नव्या गाडीचा टप त्या कमानीपेक्षा चार बोटं उंच निघाला. दारवाल्याची गाडी दारवाल्याच्याच दारात अडकली, हे बघायला सगळी गल्ली जमली. खिडक्यावाल्यानं स्टूल आणून त्यावर बैठक मारली.

गाडी रस्त्यावर ठेवावी तर मागच्या इस्त्रीवाल्याचं दुकान झाकलं जायचं, आणि तो तासातासाला येऊन भांडायचा. तेव्हा धाकट्याला नवं काम मिळालं, रस्त्यावर खुर्ची टाकून गाडीवर लक्ष ठेवायचं. दोन दिवस तो बसला. तिसऱ्या दिवशी खुर्ची होती, धाकटा नव्हता.

"भाऊजी आले नाहीत," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे दादामिस्त्रींची बायको. त्या फार बोलत नसत, आणि बोलल्या की दादामिस्त्रींना त्रास होई.

"गुडघा दुखत असेल. येईल."

"फोन करून बघा."

"मी कशाला करू? मी मोठा आहे."

मोठेपणा असा जपला गेला, पण गाडीचं काय करायचं? शेवटी एका संध्याकाळी दादामिस्त्री शिडीवर चढले आणि त्यांनी आपल्या हातानं कमान कापली. कारागीर मंडळी खाली उभी राहून वेगवेगळ्या दिशांना बघत होती. कापलेली वेलबुट्टी त्यांनी गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि घरी गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

गाडी आत आली. आता माल भरायचा. नव्या दवाखान्याची दारं तयार होती, दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, आणि ती दारं वेळेवर बसली तर दवाखान्याच्या पुढच्या सगळ्या इमारतींचं काम मिळणार होतं. कारखान्याची पुढची काही वर्षं त्या दारांवर उभी होती. कारागिरांनी पहिलं दार उचलून हौद्यात ठेवलं. दोन फूट बाहेर राहिलं.

"तिरपं करा," दादामिस्त्री म्हणाले. तिरपं केलं, तर दुसरं दार बसेना. मग कुणीतरी बोलून गेलं की हौदा छोटा आहे. दादामिस्त्रींनी खिशातून टेप काढला. जे माप पंधरवडा थांबून घेता आलं असतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर आत्ता घेतलं. हौदा पाच फुटांचा होता. बाकीची लांबी गेली होती मागच्या सीटांना आणि मागच्या दोन दारांना.

वहिनी गाडीभोवती फिरून आल्या. "गाडीला चार दारं आहेत," त्या म्हणाल्या, "आणि आत एकही मावत नाही."

"तू आत बस आणि मागच्या काचेतून लक्ष ठेव," दादामिस्त्री ओरडले.

दारं एकावर एक ठेवून, हौद्याचा मागचा फाळका उघडा टाकून, दोर आवळले. कड्या नव्हत्या. सगळीकडे गुळगुळीत प्लास्टिक, दोर कशालाच धरेना, म्हणून तो खालून चाकाजवळून घेतला. हत्यारांची पेटी पुढच्या सीटवर ठेवली तर गाडी किंचाळायला लागली, की शेजारच्या माणसानं पट्टा लावलेला नाही. दादामिस्त्रींनी पेटीला पट्टा बांधला. मग मागे घ्यायला गेले, तर गाडीनं स्वतःच ब्रेक मारला. तिला मागे अडथळा दिसत होता. अडथळा म्हणजे बाहेर आलेली दारं.

"अगं, ती आपलीच आहेत!" दादामिस्त्री गाडीला म्हणाले. शेवटी कारागिरांनी ढकलून गाडी रस्त्यावर आणली. खिडक्यावालासुद्धा हात लावायला आला, आणि हे दादामिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं.

मोठ्या रस्त्यापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे एक प्लास्टिकची पिशवी उडत गाडीसमोर आली. धाकटा असता तर त्यानं तिच्याकडे बघितलंही नसतं. नव्या गाडीनं बघितलं आणि ती स्वतःच जागच्या जागी थांबली. दारं सरकत पुढे आली आणि मागच्या काचेवर आदळली. काच तडकली, वहिनी किंचाळल्या. दादामिस्त्रींनी घाबरून गाडी पुढे दामटली, तशी दारं मागे घसरली आणि रस्त्यावर पसरली. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. एका दाराचा कोपरा फुटला होता. दादामिस्त्री त्या कोपऱ्यावरून हात फिरवत रस्त्यातच बसले.

"भाड्याची गाडी बोलावते," वहिनी म्हणाल्या. त्यांना नंबर शोधावा लागला नाही.

थोड्याच वेळात जी गाडी आली, ती दादामिस्त्रींनी आवाजावरूनच ओळखली. जुनी पिकअप. दारावरचं कारखान्याचं नाव खरवडून काढलं होतं. धाकटा उतरला, दुखरा गुडघा सांभाळत. शोरूममधून त्यानं ती स्वतःसाठी सोडवून आणली होती, आणि वहिनींना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मला सांगितलं नाहीस?" दादामिस्त्रींनी विचारलं. ते कुणाला विचारत होते हे कळत नव्हतं. धाकट्यानं दारं चढवली, कड्यांना दोर बांधला. दादामिस्त्री जाऊन शेजारच्या सीटवर बसले. ती सीट अजून त्यांच्याच बैठकीची होती. सबंध वाटेत ते "हळू" म्हणाले नाहीत.

दारं वेळेवर बसली. फुटका कोपरा दोघांनी मिळून असा जोडला की हात फिरवूनही कळू नये. साइटवरचा साहेब खूश झाला आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "छान काम. पुढच्या इमारतींचं बोलायचं तर तुमच्याशी ना?"

"त्यांच्याशी बोला," धाकटा दादामिस्त्रींकडे बोट दाखवून म्हणाला. "मी गाडीवाला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर दादामिस्त्रींना बरं वाटलं असतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम पदरात पडत होतं आणि त्यांना साहेबाकडे नीट बघता येईना.

परतताना धाकट्यानं त्यांना कारखान्यापर्यंत आणून सोडलं. दादामिस्त्री उतरले, पण गाडीचं दार धरून उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, म्हणून जे सुचलं ते बोलले.

"आत लाव ना गाडी. दरवाजा आता उंच केलाय."

धाकट्यानं कापलेल्या कमानीकडे पाहिलं. मग गिअर टाकला.

"ही तर आधीही आत जात होती, दादा," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.